बाबा आणि नदीवरचं झाकण

आमच्या घरामागे नदी आहे हे मला कळलं ते इंजिनियर झाल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं मी तिच्या डोक्यावर लपाछपी खेळले, तिच्या डोक्यावर उभ्या असलेल्या टेम्पोच्या आरशात बघून वेण्या घातल्या आणि तिला ‘पार्किंग’ म्हणत राहिले. फार पूर्वी कोणीतरी नदीला सिमेंटच्या चौकोनी नळीत कोंबलं होतं आणि वरून स्लॅब टाकून झाकण लावलं होतं. झाकणावर पत्र्याची गॅरेजं आली, टायरची दुकानं आली, गाड्या आल्या. बाबा सिटी बसचे ड्रायव्हर होते. निवृत्त होईपर्यंत रोज त्या झाकणावरून बस न्यायचे. लहानपणी मी विचारलं होतं, “खाली काय आहे हो?” तर म्हणाले, “गटार.” विषय संपला.

मग एक दिवस शहराने ठरवलं की झाकण काढायचं. नदी उघडी करायची, तिची जुनी वळणं तिला परत द्यायची आणि दोन्ही काठांनी चालायला, सायकल चालवायला हिरवी वाट करायची, थेट मोठ्या बागेपर्यंत. आमच्या ऑफिसकडे मधला तुकडा आला. आणि त्या तुकड्यातला आमच्या घरामागचा भाग आला माझ्याकडे.

“म्हणजे आता ऑफिसच घरी येणार,” आत्या म्हणाली. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडेच राहते आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचा शब्द तिचा असतो. “बरंच झालं. डब्याची कटकट गेली. आता तेवढं या मुलीचं लग्न झालं की मी सुटले.”

बाबांनी पेपरचं पान उलटलं. निवृत्त होऊन बसमधून उतरल्यापासून त्यांचं बोलणं तसंही कमी झालं होतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी गॅलरीत उभं राहून रस्त्यावरच्या बसड्रायव्हरांच्या चुका काढणं. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण जेवताना ते अजूनही तिच्या खुर्चीकडची बाजू मोकळी सोडून बसायचे.

पत्र्याची गॅरेजं हलली आणि गंमत सुरू झाली. इतकी वर्षं आमच्या मागच्या खिडकीतून गंजलेला पत्रा दिसायचा. पत्रा गेला तर समोर घरंच घरं! लोकांना अचानक एकमेकांची स्वयंपाकघरं दिसायला लागली. कोण भांडी घासता घासता गातं, कोण उभ्याउभ्याच जेवतं, सगळं उघडं पडलं. आणि आमच्या अगदी समोर, दोन बस शेजारून जातील एवढ्या अंतरावर, एक छोटं बसकं घर होतं. मागे व्हरांडा, व्हरांड्यात दोरी, आणि दोरीवर टॉवेलच टॉवेल. निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे.

पहिल्या दिवशी पोकलेन आलं. पुढे बादलीच्या जागी ब्रेकर लावलेला, म्हणजे मोठी छिन्नीच. ते चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. मामांनी ब्रेकर स्लॅबवर टेकवला, धडधड सुरू झाली, सिमेंटच्या धुळीचा ढग उठला आणि सरळ त्या टॉवेलांवर जाऊन बसला.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

साधी नाही. हाडात घुसणारी. मामांनी दचकून मशीन बंद केलं. मजूर जागच्या जागी उभे राहिले. मीसुद्धा हातातला टेप सोडला. व्हरांड्यात एक उंच बाई उभ्या होत्या. पांढरे आखूड केस, खांदे दाराएवढे, गळ्यात दोरीला शिट्टी.

“कोणाची परवानगी घेऊन माझ्या टॉवेलांवर सिमेंट टाकताय?”

आमच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. मी वर पाहिलं. बाबा हसत होते. पोट धरून हसत होते. कितीतरी वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं.

बाईंनी त्यांच्याकडे पाहून पुन्हा शिट्टी मारली. “ओ! तुम्ही! हसायचं नाही!”

“नाही हसत,” बाबा म्हणाले आणि आणखी जोरात हसले.

बाई पोहण्याच्या कोच होत्या. आयुष्यभर तलावाच्या काठावर उभं राहून त्यांनी अर्ध्या शहराला हात-पाय मारायला शिकवलं होतं आणि अजूनही शिकवत होत्या. साइटवर त्यांचं नाव पहिल्याच दिवशी ‘कोचबाई’ पडलं. तक्रारी तर रोजच्या ठरलेल्या. धूळ फार उडते, मशीन लवकर सुरू होतं, मजूर हेल्मेट नीट घालत नाहीत. आणि या तक्रारी माझ्यापर्यंत आणायचं काम, का कोण जाणे, बाबांनी आपल्या अंगावर घेतलं.

“समोरच्या म्हणत होत्या, पाणी मारून मग फोडा. धूळ बसते.”

“बाबा, पाणी मारतोच आहोत.”

“अजून मारा. त्यांचं म्हणणं रास्त आहे.”

पूर्वी बाबांच्या तोंडी ‘रास्त’ हा शब्द फक्त बसभाड्यासाठी असायचा.

हळूहळू मी पाहिलं की तक्रारी संपल्या तरी बोलणं संपत नाही. सकाळी कोचबाई तलावावरून परत आल्या की व्हरांड्यात चहाचा कप घेऊन उभ्या राहायच्या. नेहमी थोड्या तिरक्या, एक खांदा नदीकडे करून. बाबा आमच्या मागच्या दारात. मध्ये उघडा पडलेला खड्डा, त्यात मजूर, मशीन, सळया. आणि यांचं ओरडून ओरडून बोलणं.

“गुडघा कसा आहे?”

“कुरकुरतो!”

“व्यायाम केलात का?”

“केला!”

“खोटं बोलू नका, मी इथून बघत होते!”

खाली मजूर हसायचे. मामांनी तर नियमच केला. कोचबाईंचा चहा व्हायच्या आत ब्रेकर सुरू करायचा नाही. मी विचारलं तर म्हणाले, “मॅडम, इंजिन गरम व्हायला वेळ लागतो.” असं कुठलंही इंजिन नसतं, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

खरं सांगायचं तर त्या वर्षी आमच्या घरात कोणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. माझं तर नव्हतंच. कारण स्लॅब निघाला, खालची सिमेंटची नळी फोडली आणि तिच्या तळाखाली आम्हाला गोटे सापडले. गोल, गुळगुळीत, पाण्याने वर्षानुवर्षं घासलेले गोटे. नदीचा मूळ तळ! तो तिथेच होता, सिमेंटखाली निमूट पडून. मी खड्ड्यात उतरले, एक गोटा उचलला आणि वेड्यासारखी नाचले. हेल्मेट, बूट, नारिंगी जॅकेट, सगळ्यासकट. आमचे मोठे साहेब वरून बघत होते. मला वाटलं आता बोलणी बसणार. तर साहेबच चिखलात उतरले, इस्त्रीच्या पँटीसकट, आणि म्हणाले, “मलाही एक दे ना.”

गोट्यांच्या रेषेवरून कळलं की जुनी नदी आमच्या घरापाशी छान वळण घेत होती. आम्ही नकाशा त्याप्रमाणे बदलला. काठाला जाळीत दगड भरून बसवले, त्यावर काथ्याच्या चटया अंथरल्या, चटयांत लव्हाळा आणि पाणकणीस लावलं. सांडपाण्याच्या लाइनी आधीच उचलून वेगळ्या पाइपात घातल्या होत्या. आणि पादचारी पूल, जो शाळेपाशी होणार होता, तो तिथली माती भुसभुशीत निघाल्यामुळे हलवावा लागला. आमच्या घरामागे. कोचबाईंच्या व्हरांड्यासमोर.

ही बातमी मी जेवताना सांगितली तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

“आपल्या मागे?”

“हो.”

“म्हणजे सरळ पलीकडे?”

“बाबा, पूल म्हणजे पलीकडेच जाणार ना.”

“हो हो, ते बरोबर,” बाबा म्हणाले आणि पाण्याऐवजी आमटीची वाटी तोंडाला लावली.

आत्याने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं. “माती भुसभुशीत निघाली म्हणे,” ती म्हणाली. “माती एकटीच नाही.”

तेव्हापासून बाबा मला रोज विचारायचे, पूल कुठवर आला. लोखंड आलं का? जोड कोण मारतंय? क्रेन कधी येणार? मला वाटायचं लेकीच्या कामाचं कौतुक आहे. मी खुशीत सगळं समजावून सांगायचे. इतकी मी बावळट.

मग तो दिवस आला. नळीचा शेवटचा तुकडा फोडायचा होता. मामांचा ब्रेकर पूर्ण जोरात होता. दातसुद्धा हलतील असा आवाज. मी खाली वळणाच्या कडेला लेव्हल बघत होते. कोचबाई व्हरांड्यात होत्या, बाबा मागच्या दारात. बाबांचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. मला वाटलं, गुडघ्याचं चाललं असेल.

आणि मामांनी मशीन बंद केलं.

एकदम. मध्येच. इतकी शांतता झाली की वरून पडणारी खडी ऐकू आली. आणि त्या शांततेत, बसमध्ये ‘पुढे सरका’ म्हणायचे त्याच आवाजात, बाबांचं वाक्य अख्ख्या साइटवर घुमलं:

“—माझ्याशी लग्न कराल का?”

वीसेक मजूर, दोन सुपरवायझर, पाण्याचा टँकरवाला, शेजारच्या सगळ्या खिडक्या. कोणी हललं नाही. माझ्या हातात लेव्हलची पट्टी होती, ती तशीच तिरकी राहिली. बाबांचं तोंड उघडंच. आम्ही सगळ्यांनी एकदम मान वळवून व्हरांड्याकडे पाहिलं.

कोचबाईंनी आमच्याकडे पाठ फिरवलेली होती. तरातरा आत गेल्या. दार धाडकन लागलं.

बाबांनीही दार लावून घेतलं. त्यांनी हळूच लावलं, कडीचा आवाजही होऊ न देता.

मामा केबिनमधून उतरून माझ्याकडे आले. तोंड एवढंसं झालेलं. “मॅडम, देवाशपथ, तेल तापलं होतं हो. लाल दिवा लागला म्हणून बंद केलं. आणखी दोन मिनिटं चालू ठेवलं असतं तर...”

“तुमची काय चूक, मामा.”

“बाबांना सांगा, पुढच्या वेळी मी जळू देईन मशीन.”

पुढची वेळ येणार कुठून? दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात कोणी नव्हतं. दोरीवर टॉवेल नव्हते. खिडक्या बंद. तिसऱ्या दिवशीही तेच. बाबांनी मागच्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं. चहा पुढच्या खोलीत, पेपर पुढच्या खोलीत, गॅलरीतसुद्धा जाईनात, कारण खालून जाणारा प्रत्येक मजूर आदराने मान लववायचा, आणि ते त्यांना जास्तच लागायचं.

“तोंड लपवायला याला घर अपुरं पडतंय,” आत्या म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्यांना न विचारता दोनदा चहा करून दिला.

एका दुपारी मी जेवायला घरी आले तेव्हा बाबा एकटेच बसले होते. मी समोर बसले.

“चिडलीस?” त्यांनी विचारलं.

“कशाबद्दल?”

“साइटवर तुझी शोभा केली.”

“बाबा, साइटवर आता माझी इज्जत वाढली आहे. सगळे विचारतात, तुम्ही त्यांचीच मुलगी का?”

ते हसले नाहीत. बोटाने टेबलावरचा डाग घासत राहिले. “मशीनच्या आवाजात म्हणून बघावं, असं वाटलं. नुसतं म्हणून बघावं. त्यांनी ऐकलं तर ऐकलं, नाहीतर निदान आपल्या तोंडून एकदा बाहेर तरी पडेल.” मग म्हणाले, “तुझ्या आईला वाईट वाटलं असतं का गं?”

आई डोळ्यांसमोर आली. पदर खोचून, चष्मा डोक्यावर सरकवून. आणि मग मला अगदी स्पष्ट दिसलं ती काय म्हणाली असती.

“आईने आधी विचारलं असतं, त्यांना स्वयंपाक येतो का. कारण तुम्हाला तर चहाही धड येत नाही. आणि मग म्हणाली असती, दाढी करून विचारायचं होतंत.”

आता बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारत बसले.

आठवडा असाच गेला. पाणी सोडायचा दिवस ठरला. आतापर्यंत वरच्या अंगाला बांध घालून नदी बाजूच्या पाइपातून वळवली होती. आता बांध काढायचा, आणि पाणी पहिल्यांदा त्या जुन्या-नव्या वळणात येणार. पुलाचा सांगाडा आमच्या काठावर आडवा तयार होता, पण क्रेन पुढच्या आठवड्यात यायची होती. मी पहाटेपासून साइटवरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे आमच्या ऑफिसात, फोनवर फोन करत होते. दार उघडलं आणि कोचबाई आत आल्या. गळ्यात शिट्टी, खांद्यावर बॅग, चेहरा उन्हाने भाजलेला.

“इंजिनियरबाई, एक विचारायचंय.”

मी उभीच राहिले. “विचारा ना.”

“मी मुलांना स्पर्धेला घेऊन गेले होते. काल रात्री आले. सकाळपासून तुमची माणसं माझ्याकडे बघून हसताहेत. टँकरवाल्याने मला सलाम ठोकला. मशीनवाले मामा म्हणाले, ‘मग काय ठरवलंत?’ मी म्हटलं, कशाचं? तर पळून गेले. हा काय प्रकार आहे?”

माझ्या डोक्यात कुठेतरी खडखड करून गिअर पडला.

“तुम्ही... त्या दिवशी, मशीन बंद झालं तेव्हा तुम्ही आत का गेलात?”

“कधी? हां, ते. अहो, दूध उतू गेलं होतं! जळका वास आला तशी पळाले. पातेलं गेलं ते गेलंच. लगेच निघायचंही होतं, बस दारात उभी होती.”

“आणि तुम्हाला काही ऐकू नाही आलं?”

“तेवढं मोठ्याने बोलल्याशिवाय मला तसंही काय ऐकू येतं?” त्यांनी डाव्या कानावर टिचकी मारली. “हा कान कामातून गेलाय. आयुष्य तलावात गेलं. म्हणून तर मी तिरकी उभी राहते. दाराकडे वळले की तुमचं गाव माझ्यासाठी मुकं.” मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी भुवया उंचावल्या. “का? काय ऐकायचं राहिलं?”

मी तोंडावर हात दाबला. “ते बाबा सांगतील,” मी कसंबसं म्हटलं. “मी नाही सांगू शकत. खरंच नाही. तुम्ही घरी जा. नाही, घरी नको, काठावर थांबा. कुठे जाऊ नका!”

आणि मी पळाले. हेल्मेटसकट जिना चढले, दार उघडून ओरडले, “बाबा, त्यांनी ऐकलंच नाही!”

बाबांच्या हातातला पेपर खाली आला. “काय ऐकलं नाही?”

“काहीच नाही! दूध उतू गेलं होतं! एका कानाने ऐकू येत नाही त्यांना! अख्ख्या गावाने ऐकलं, त्यांनी सोडून!”

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली, हाताला कणीक लागलेली. “म्हणजे नाही म्हणाल्याच नाहीत?”

“नाही म्हणाल्याच नाहीत!”

“अरे मग बसलास काय?” आत्या बाबांवर ओरडली. “ऊठ! दाढी कर!”

इकडे माझा फोन वाजायला लागला. बांध काढायची वेळ झाली होती. मी परत खाली धावले. दोन्ही काठांवर गर्दी जमली होती. साहेब पाहुण्यांना घेऊन आले होते. मी हात वर करून खूण केली, वर मामांनी मशीनच्या बादलीने मातीचा बांध ओढला, आणि काही वेळ काहीच झालं नाही. मग वळणाच्या टोकाशी एक ओली जीभ दिसली. पुढे सरकली, गोट्यांत घुसली, थांबली, पुन्हा पुढे आली. मागून पाणी आलं. आणि मग पाणीच पाणी! खळखळत, फेस काढत, गोट्यांना उजळवत नदी आमच्या घरामागून निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रडत होते, नाक पुसायला हातमोजाच होता.

डोळे पुसले तर समोर बाबा. इस्त्रीचा शर्ट, गालावर ब्लेडची ताजी खूण, दोन्ही हातांत एकेक बूट. दगडी पायऱ्यांवरून पाण्यात उतरत होते.

“बाबा! अहो बाबा! मोठ्या पुलावरून जा ना वळसा घालून!”

“वळसा लांब पडतो!” ते म्हणाले. आयुष्यभर ठरलेल्या मार्गावरून बस नेलेला माणूस!

पाणी घोट्याला, मग गुडघ्याला. साहेब माझ्या कानाशी म्हणाले, “कोण आहेत ते?”

“सर,” मी म्हटलं, “नदीचे पहिले वापरकर्ते.”

पलीकडे कोचबाई काठावर उभ्या होत्या. त्यांनी बाबांना पाहिलं आणि शिट्टी ओठांत धरली. “हळू! ओल्या दगडावर घाई करायची नाही! पाय सपाट टाका! सपाट—”

बाबांनी पाय सपाट टाकला. गोटा फिरला. बूट दोन दिशांना उडाले आणि बाबा पाण्यात बसले, अगदी मधोमध, पाणी छातीपर्यंत. काठाकाठाने सगळ्यांचा श्वास अडकला. पण कोचबाई केव्हाच पाण्यात होत्या. चार ढांगांत पोचल्या आणि बाबांच्या काखेत हात घातला.

“लागलं?”

“नाही,” बाबा म्हणाले. “तुम्हाला एक विचारायचं होतं.”

“इथे?”

“एकदा विचारलं होतं. तुम्ही दूध बघायला गेलात.”

कोचबाई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग काठावरच्या गर्दीकडे, मामांकडे, टँकरवाल्याकडे, माझ्याकडे. त्यांचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. त्या वाकल्या आणि उजवा कान पुढे केला. “मग परत विचारा. या बाजूने. आणि मोठ्याने, पाण्याचा आवाज आहे.”

बाबांनी विचारलं. मोठ्याने. दुसऱ्यांदा अख्ख्या साइटने ऐकलं.

“आधी उभे राहा,” कोचबाई म्हणाल्या. “पाण्यात बसलेल्या माणसाला मी उत्तर देत नसते.”

बाबा उभे राहिले. अंगावरून पाणी निथळत होतं. कोचबाई काहीतरी म्हणाल्या, पण इतक्या हळू की काठावर कोणालाच ऐकू आलं नाही. सगळी गर्दी पुढे झुकली.

मामांना राहवेना. केबिनमधून अर्धे बाहेर लोंबकळत ते ओरडले, “काय म्हणाल्या?”

बाबांनी दोन्ही हात वर केले. “हो म्हणाल्या!”

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. मामांनी हॉर्न धरून ठेवला. टँकरवाल्याने पाण्याची तोटी आकाशाकडे उघडली. मजूर हेल्मेटं फेकत होते आणि मी सुरक्षिततेला जबाबदार अधिकारी असून माझं स्वतःचं हेल्मेट सगळ्यात उंच गेलं होतं. बाबांचा एक बूट वळणावरून तरंगत गेला. दोन पाहुणे त्यांच्या भारी कपड्यांनिशी त्याच्यामागे धावले. आमच्या खिडकीत आत्या कणकेच्या हातांनी टाळ्या वाजवत होती, आणि पिठाचा पांढरा ढग उठत होता.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं, साधं. सही करताना बाबांनी श्वास रोखून धरला. कोचबाई म्हणाल्या, “श्वास सोडा. धरून ठेवू नका.” घर कोणाचं ठेवायचं यावर वाद झालाच नाही. दोन्ही ठेवली. बाबा आता सकाळी तलावात असतात, काठाला धरून पाय मारतात, आणि घरी येऊन आम्हाला शास्त्र समजावतात. कोचबाईंना मी अजून कोचबाईच म्हणते. ‘आई’ म्हणायला लागणार का, असं मी एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाल्या, “मला आयुष्यभर सगळ्यांनी कोचच म्हटलंय. त्यात मी खूश आहे. तू फक्त पोहायला ये.”

वाट खुली झाली त्या दिवशी इतके लोक आले की फीत कापायला कात्रीवाले पाहुणे पुढे पोचूच शकले नाहीत. लोकांनीच ती फीत वर उचलली आणि खालून वाकून निघाले. लहान मुलं, कुत्री, बाबागाडीतली बाळं, काठीवाले आजोबा, सगळे एकमेकांच्या पायांत. लव्हाळा माणसाच्या कमरेइतका वाढला होता. कोणीतरी ओरडलं, “बदकं!” तर अख्खी गर्दी थांबली, आणि एक बदकीण पाच पिल्लांना घेऊन अगदी सावकाश वाट ओलांडून पाण्यात गेली. मोठे साहेब सगळ्यांना “शू! शू!” करत होते आणि त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा होता.

मी आत्याला शोधत होते. ती एका कठड्यापाशी उभी होती आणि एका कॉलेजच्या मुलीशी बोलत होती. मुलीच्या हातात लाल सायकल.

“जरा बघू,” आत्या म्हणत होती. “शाळेत असताना मी सगळ्यांच्या पुढे असायचे. आमचे वडील म्हणाले पुरे आता, मोठी झालीस. तेव्हा सोडली.”

“आत्या, नको हं,” मी म्हटलं. “हाडं मोडतील. तुझं वय—”

“माझं वय मला माहीत आहे. तू साडीचा काठ धर.”

तिने काठ खोचला, सीटवर बसली, एक पाय जमिनीवर, एक पॅडलवर. हँडल डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं, पुन्हा डावीकडे. मी आणि ती मुलगी दोन्ही बाजूंनी पळत होतो. मग कधीतरी माझा हात सुटला. हँडल सरळ झालं. आत्याची पाठ ताठ झाली.

“आत्या, ब्रेक! ब्रेक कुठे आहे ते बघ!”

“घंटी कुठे आहे ते सांग!” ती ओरडली. मग तिला घंटी सापडली. ट्रिंग ट्रिंग करत, लोकांना बाजूला करत, आत्या नदीच्या वळणावरून दिसेनाशी झाली. कॉलेजची मुलगी धापा टाकत माझ्याशेजारी उभी राहिली.

“त्या परत कधी येतील?” तिने विचारलं.

“काय माहीत,” मी म्हटलं. “वाट बागेपर्यंत आहे.”